मयताची तक्रार

यंदा गणपतीत माझा खून झाला आणि बक्षीस भलत्याच माणसाला मिळालं. हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

एकांकिका सोसायटीतल्याच एका वहिनींची. ज्येष्ठ विनोदवीराच्या एकसष्टीचा सत्कार, भोवती हास्यकवी, नकलाकार, एक स्टँडअपवाला. सत्काराचा पेढा खाऊन उत्सवमूर्ती आडवी. खुनाचं कारण, चोरलेला विनोद. उत्सवमूर्ती मी. "तुम्ही पडलात की आवाज छान येतो," असं वहिनी म्हणाल्या. सुरुवातीलाच मरायचं आणि शेवटी भूत होऊन तो चोरीला गेलेला विनोद स्वतःच्या तोंडाने सांगायचा, एवढंच माझं भाषण. अख्खा श्रावण मी ते आरशासमोर घोकलं होतं.

मी पडलो. आवाज खरंच छान आला. लगेच दुसऱ्या रांगेतून ए विंगमधल्या काकांचा आला.

"मेला नाहीये तो. पोट बघ, वरखाली होतंय."

"आजोबा, ते ॲक्टिंग करतायत," नातू.

"मग नीट करावी! आमच्या बँकेच्या नाटकात हेडक्लार्क मेले होते. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. तेव्हा माणसं मनापासून मरायची."

मी श्वास रोखला. अंगावर सत्काराची लोकरी शाल, वर हॅलोजन, आणि हारातली झेंडूची एक पाकळी डाव्या नाकपुडीत. काका वेफर्स खात माझं पोट बघत होते.

टॉमी कूपर हा ब्रिटनचा मोठा विनोदवीर. १९८४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रंगमंचावर, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना तो कोसळला. लोकांना वाटलं हाही विनोदच, ते हसत राहिले. खरोखर मरणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. माझ्या खोट्या मरणावर बसेल ही अपेक्षाच फाजील.

तपास सुरू झाला. इन्स्पेक्टर, म्हणजे आमचे खजिनदार, गरजले, "कोणीही हॉल सोडून जायचं नाही!" तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली: "गेटसमोरची पांढरी स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढावी." हास्यकवी, म्हणजे मुख्य संशयित, किल्ली शोधत निघून गेला.

"जाऊ दे त्याला," काका म्हणाले. "पेढा त्या निळ्या कुर्त्यावाल्याने दिलाय."

हॉल गप्प.

"अहो, तालमी आमच्या खिडकीखालीच चालायच्या. रात्री अकरापर्यंत पंखे चालू! बिल कोण भरतं?"

लंडनमध्ये 'द माऊसट्रॅप' हे खुनाचं नाटक १९५२ पासून चालू आहे. करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर अखंड. दर प्रयोगानंतर प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि आपल्याकडे? सकाळी सिनेमा लागला की दुपारी व्हॉट्सॲपवर शेवट, वर 'एकदा बघायला हरकत नाही' असा शेरा. पैसे मोजून तिकीट काढलेल्या माणसाची काही किंमत? नाटकात फोन वाजतो तो वाजतोच, वर माणूस उचलून सांगतो, "नाटकात आहे." अरे, मग नाटकात राहा ना!

असो. खजिनदार हिशेबामुळे काकांना टरकून असतात. त्यांनी बाकीची उलटतपासणी गिळली आणि निळ्या कुर्त्यावाल्याला मुकाट्याने बेड्या घातल्या. तो बिचारा "अजून माझा एक प्रवेश आहे" म्हणत होता. पडदा पडला. मी आतल्या बाजूला शाल झटकून भूत व्हायला उभा, तर पलीकडे पाककला स्पर्धेचा निकाल चालू झालेला.

'उत्स्फूर्त सहभागा'चं बक्षीस काकांना. कॅसरोल. मयताला नारळसुद्धा नाही. शिवाय तालमींसाठी हॉलचं भाडं आम्हीच भरलेलं, पंख्यांसकट. त्याची पावती मी मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

काल काका लिफ्टमध्ये भेटले. सोबत बी विंगची चार माणसं.

"काम बरं झालं हो तुमचं. तो शेवटचा विनोद तेवढा राहिला. ऐकून ऐकून मला पाठ झालाय." आणि त्यांनी तो सांगितला. मधला तपशील गाळून, शेवट आधी सांगून, आणि तरीही लिफ्ट हसून हसून हलायला लागली.

काकांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही नाही हसलात? समजला नाही का?"