‘तुमच्याकडच्या लोकांना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत आम्ही जो सोळा दिवसांचा गाडी-मुक्काम (राहणं, स्वयंपाक, झोप सगळं गाडीतच) केला, त्यावरचा माझा लेख मागच्या आठवड्यात इथे आला. बहुतेकांनी गोड लिहिलं. ‘एक कोकणी’ एवढीच सही करणाऱ्या एका वाचकाने मात्र खालची प्रतिक्रिया दिली. मी ती लपवली असं कोणी म्हणू नये, म्हणून आधी पूर्ण देतो.

“अमरावती जिल्ह्यातून घर घेऊन आलात, कौतुक आहे. पण तुमच्याकडच्या लोकांना समुद्राचं अप्रूप फार, म्हणून किनारा दिसला की घाल गाडी, असं होतं. कर्द्याला वाळूत रुतलेली गाडी काढायला गावातली माणसं राबली, त्याचा तुम्ही विनोद केलात. सोळा दिवसांत एका खानावळीत जेवल्याचा उल्लेख नाही. सुरूच्या बनातल्या फोटोत गाडीखाली ओल आणि फेस दिसतो, भांड्यांचं पाणी कुठे सोडलंत? आणि गुहागरहून खाली जाताना वेळणेश्वर आधी लागतं, हेदवी नंतर.”

महोदय,

आपण वेळ काढून वाचलंत, त्याबद्दल मनापासून आभार. जे बरोबर आहे ते आधी कबूल करतो. वेळणेश्वर आधी, हेदवी नंतर, आणि तिथून पुढे तवसाळच्या जेटीवरून जयगड. मी उलटं लिहिलं. टिपणवहीची दोन पानं आईच्या लोणच्याच्या तेलाने एकमेकांना चिकटली होती, त्यात हा घोळ झाला. चूक ती चूक. मूळ लेखात दुरुस्ती करतो आहे. आपली नजर बारीक आहे यात वाद नाही.

आता ‘तुमच्याकडच्या लोकांना’.

तीन दिवस झाले, हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. बायको म्हणते, सोडा, माणूस सहज बोलून गेला. सहज बोललेलंच खरं असतं, हा माझा अनुभव. डी.एड.ला पुण्यात होतो तेव्हा मेसमध्ये एकदा “मी जेवून रायलो” म्हणालो, तर अख्खं टेबल हसलं. हसणारे वाईट नव्हते, त्यातला एक आजही दिवाळीला फोन करतो. पण पुढचे सहा महिने मी वाक्य मनात धुऊन-पुसून मगच तोंडातून बाहेर काढायचो. आपल्या प्रतिक्रियेचं पहिलं वाक्य वाचलं आणि मला त्या मेसमधला आमटीचा वास आला. आपल्याला हे अतिशयोक्त वाटेल. वाटू द्या.

अप्रूप म्हणालात. विदर्भात समुद्र नाही, हे आम्हाला कळून बरीच वर्षं झाली. पण आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर आहे, आणि तिकडे वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा अख्खा तालुका आहे. ज्यांच्याकडे जे नसतं ते त्यांच्या नावात असतं, असं आमचे वडील म्हणायचे. त्यांचं स्वतःचं नाव संपत होतं. असो, तो विषय वेगळा.

खारं पाणी म्हणाल, तर त्याचं अप्रूप तुम्ही आम्हाला सांगू नका. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जो पट्टा जातो त्याला खारपाणपट्टा म्हणतात. आपण हा शब्द कदाचित पहिल्यांदाच ऐकत असाल. आमचं गाव त्याच्या ऐन पोटात आहे. विहीर खणा, बोर मारा, लागतं ते खारंच. ते पाणी शेताला दिलं तर जमीन धरते, म्हणून ओलिताचं नाव नाही. पाऊस पडला तर कपाशी, तूर, हरभरा. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. साबण घासून घासून हात दुखतात, फेस येत नाही. शहानूर धरणाचं पाणी नळाला येऊ लागल्यापासून बरं आहे, पण माझं सगळं लहानपण विहिरीवर गेलं आणि पाहुणा आला की आईला चहाचीच धास्ती असायची, दूध फाटतं का काय म्हणून.

ह्याच आईला घेऊन आम्ही काशीदला पोचलो. चौऱ्याहत्तर वर्षांत तिने समुद्र पाहिला नव्हता. तिने चपला हातात घेतल्या, लुगडं पोटरीपर्यंत खोचलं आणि कोणाकडे न बघता सरळ पाण्यात गेली. आम्ही मागून मोबाइल धरून उभे, आता आई रडणार, हात जोडणार. तिने ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं, थोडं थांबली आणि म्हणाली, “हे तं आपल्या हिरीचंच पानी हाय रे बाबू. उलसं जास्त.” मग तोंड पुसून गाडीत येऊन बसली आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. असं असतं भाऊ आमच्याकडच्या लोकांचं अप्रूप.

हा प्रसंग मूळ लेखात मी मुद्दाम घातला नव्हता, घरचा म्हणून. आपल्यामुळे घालावा लागला.

आता कर्द्याची गोष्ट. मी एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. ज्या पोरांनी पूर्णेच्या पुरापलीकडे पाणी पाहिलं नाही त्यांना फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि सूर्य काढून उधाणाची आणि भांगाची भरती समजावून सांगितली. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे माझ्या पोरांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. तेव्हा मला समुद्राचं काही कळत नाही असा जो आपला सूर आहे, तो मी मान्य करणार नाही. हो, त्या दिवशी वेळ बघायची राहिली. संकष्टी होती, आईचा उपास, तिला दुपारी सावलीत पाण्याजवळ बसायचं होतं. वाळू ओली आणि टणक दिसली. आधीच दोन जीपगाड्यांच्या चाकांचे माग होते. मनाईची पाटी मला दिसली नाही. गाडी उतरवली.

आमच्या काळ्या मातीत गाडी फसली की चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) टाकायच्या आणि एका दमात काढायची, ही आमची रीत. मी तसाच दम लावला. वाळूत दम लावला की चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं, हे मला तिथे कळलं. मागची चाकं आसापर्यंत गेली. एक म्हातारे गृहस्थ बांधावरून उतरून आले, त्यांनी तिथी विचारली, मी चतुर्थी म्हणालो. “म्हणजे चाराचे पाऊण, तीन. तीनला पुरी भरती,” ते म्हणाले, “आता सव्वा वाजलाय.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकोणतीस वर्षं फळ्यावर मी जे अर्धा तास शिकवायचो ते ह्या माणसाने बोटांवर केलं. पुस्तकात हे का देत नाहीत, कोण जाणे.

मग चार-पाच जण आले. त्यांनी टायरमधली हवा कमी केली, हातांनी वाळू उपसली आणि पऱ्हाट्यांच्या जागी माडाच्या झावळ्या अंथरल्या. ट्रॅक्टर आला, दोर लागला. लाट बंपरला टेकायला दोन हात उरले होते तेव्हा गाडी सुटली. पैसे घ्यायला कोणी तयार नव्हतं, ट्रॅक्टरवाल्याने डिझेलचे पाचशे कसेबसे घेतले. आईने सगळ्यांच्या हातावर संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू ठेवले. आता सांगा, यात मी गावाचा विनोद कुठे केला? विनोद केला तो माझा. “भूगोलाचा मास्तर भरतीत बुडता बुडता वाचला” ह्या वाक्यात हसण्याजोगा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. आपल्याला ते वाक्य कर्देकरांवर केलेलं वाटलं असेल, तर दोष माझ्या लिहिण्याचा की आपल्या वाचण्याचा, हे इतर वाचकांवर सोडतो. आणि ज्यांनी गाडी काढली त्यांच्यापैकी एकानेही “तुमच्याकडचे लोक” म्हटलं नाही. ते म्हणाले, “मास्तर, पुढच्या वेळी बांधावर लावा.” बस. अपमान न करता शिकवता येतं.

खानावळीबद्दल थोडक्यात. आम्ही माळकरी. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव उभा राहून पाहिला, छान वाटला, पण खायचं काय? वरण-भात गाडीतच शिजवला. कोकम, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी किती घेतली ते बायकोला विचारा. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत घातली, तिथली तिकिटं काही आम्ही गावाकडून आणली नव्हती. याउपर कोकणाला आमच्यापासून काय मिळालं याचा हिशेब मी देणार नाही. पाहुण्याला कोणी हिशेब मागत नसतं.

राहिला सुरूच्या बनाचा प्रश्न. सुरू हे झाड मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं, वाळू धरून ठेवायला किनाऱ्यावर आणून लावलेलं. म्हणजे त्या बनात परके आम्ही एकटेच नव्हतो. हे मी गमतीने म्हणतो आहे, नाहीतर यावरही एक प्रतिक्रिया यायची.

स्वच्छतेचं म्हणाल, तर मी गाडगेबाबांच्या मुलुखातला माणूस आहे. बाबांचा जन्म आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. पूर्णाकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे बाबांनी हातात खराटा घेतला, तो कधी खाली ठेवला नाही. माझ्या आजोबांनी त्यांना झाडताना पाहिलं आहे. शाळेत दर शनिवारी मी स्वतः पोरांबरोबर पटांगण झाडायचो, मुख्याध्यापक झाल्यावरही. गाडीत सुका कचरा, ओला कचरा अशा दोन वेगळ्या पिशव्या होत्या. संडासाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी टाकी, आम्ही पेट्रोल पंपाच्या संडासात, विचारून, धुऊन रिकामी करायचो. अशा माणसाला आपण एका फोटोवरून सांडपाण्याचा जाब विचारता, याचं वाईट वाटलं.

आणि थोडं व्यवहाराचंही बोलू. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या उभ्या करायला खास जागा असाव्यात, ही कल्पना त्यात आहे. आमच्या सोळा दिवसांच्या वाटेत तशी एकही जागा आम्हाला लागली नाही. गाडीखाली चाळीस लिटरची टाकी आहे. तीन माणसांची भांडी, हात-तोंड, आईची रोजची पूजा, की ती दीड दिवसात भरते. भरल्यावर माणसाने ती डोक्यावर घेऊन दर्यापूरला आणावी, अशी अपेक्षा असेल तर तसं सांगा. शिवाय टाकीची तोटी ज्या बॉडीवाल्याने बसवली त्याने वायसर हलका टाकला होता, खडबडीत रस्त्यावर ती आपोआप गळायची. ते पाणी कोणी ‘सोडलं’, हा शब्द मला बरोबर वाटत नाही. फेसाचं म्हणाल, तर आमच्याकडे फेस आला की पाणी चांगलं आहे म्हणून लोक खूश होतात.

आपल्या सहीबद्दल एक विचारू का? मी माझं नाव, गाव, शाळा सगळं ह्या पानावर लिहून ठेवलं आहे. आपण ‘एक कोकणी’. आम्हाला गाडी काढून देणारे म्हातारे गृहस्थही कोकणीच होते, त्यांनी नाव सांगितलं, घर दाखवलं, दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. दोन कोकण्यांमध्ये एवढा फरक का, ह्याचं उत्तर मला भूगोलात सापडलं नाही. बाकी राग नाही. कधी वऱ्हाडात आलात तर या, आमच्या विहिरीचं पाणी प्यायला देईन.

मूळ लेखात वेळणेश्वर आणि हेदवीचा क्रम दुरुस्त केला आहे. सुरूच्या बनातला तो फोटो काढून टाकला. तसाही तो हललेलाच होता.