लस ‘झाली’ म्हणजे नेमकी किती झाली?

नमस्कार डॉक्टर. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्यांची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजारावरच्या लसीबाबत दंतवैद्य आणि बीडीएसचे (दंतवैद्यकाच्या पदवीचे) विद्यार्थी बेफिकीर आहेत, असं लिहून मी पेशाची बदनामी केली. सोलापुरात लसीला विरोध करणारा डेंटिस्ट दाखवा. ग्लोव्हज असतात, ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) असतो, कावीळ होऊन गेली का ते आपण विचारतोच, आणि आताच्या पोरांना तर लहानपणीच लस मिळालेली असते.

विरोध कुणाचाच नाही, कबूल. दुखणं ‘झालंय की’चं आहे. पहिला डोस कॉलेजच्या कागदासाठी, दुसरा महिन्याने. तिसरा येतो सहाव्या महिन्यात, अभ्यासाच्या धबडग्यात, आणि राहतो तो राहतोच. पुढे इंटर्नशिपला विचारलं की उत्तर तयार, ‘व्हॅक्सिनेटेड’. खरं तर राहिलेला डोस आज घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि तीन झाले तरी टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते, कुणी तपासलंय? शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (हीच ती प्रतिपिंडं) तपासायचं. १० मिलि-आययू प्रति मिलि किंवा वर आलं की निरोगी माणसाला पुढे बूस्टर लागत नाही. शंभरातल्या पाच-दहा प्रौढांमध्ये ते तेवढं येतच नाही. वय, वजन आणि सिगारेट यांनी अशांची संख्या वाढते. अशांनी तीन डोसांचा आणखी एक कोर्स घेऊन परत तपासायचं, तरीही नाही आलं तर स्वतःचं एचबीएसएजी (विषाणू आपल्याच अंगात आहे का, ही रक्ततपासणी) करून घ्यायचं. ते निगेटिव्ह असलेल्या नॉन-रिस्पॉन्डरला (लसीला प्रतिसाद न देणाऱ्याला) बाधित पेशंटची सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो २४ तासांच्या आत. आपण त्यातले आहोत की नाही, हे त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो. कोर्स होऊन बरीच वर्षं लोटल्यावर तपासलं आणि टायटर कमी आलं, तर मात्र लगेच घाबरू नका. ते काळानुसार उतरतंच. एक डोस घ्या आणि महिन्याने पुन्हा बघा.

टोचून घ्यायचं ते दंडात. कुल्ल्यात घेतलं तर औषध चरबीत राहतं आणि प्रतिसाद कमी मिळतो. क्लिनिकच्या फ्रीजचंही बघा. सोलापूरचा मे महिना म्हणून लोक व्हायल फ्रीझरला चिकटवून ठेवतात, आणि तिथंच घात होतो. २ ते ८ अंश ठीक, पण एकदा गोठली की ही लस बाद. परत वितळून दिसायला बरी दिसली तरी.

‘कावीळ विचारतो’ हा तुमचा सगळ्यात कच्चा मुद्दा. विषाणू अंगात असलेल्या अनेकांना कधी कावीळ झालेलीच नसते. पेशंट खोटं बोलत नाही, त्यालाच ठाऊक नसतं. ग्लोव्हजमुळे रक्त हाताला लागत नाही, सुई मात्र आरपार जाते. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के. ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) दिल्यावर दोन्ही हातांनी सुईला कॅप लावणं, एअररोटरला (दात कोरायच्या यंत्राला) बर, म्हणजे कोरायचं टोक, तसाच ठेवून हँडपीस अडकवणं आणि मग कोपर घासणं, हे रोजचंच आहे. कॅप ट्रेवर ठेवून एका हाताने सुई आत सरकवायला दोन सेकंद लागतात.

लहानपणच्या लसीचं म्हणाल, तर सरकारी कार्यक्रमात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. आज पहिल्या वर्षाला असलेली पोरं त्याआधीची आहेत. कार्ड बघा, कार्ड नसेल तर कोर्स द्या. तोही पहिल्याच वर्षी, तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग लागण्याआधी.

ऑटोक्लेव्हने पुढचा पेशंट वाचतो. त्याआधी रक्ताळलेले स्केलर आणि एक्सप्लोरर ही टोकदार हत्यारं हातात धरून घासणाऱ्या मावशींचं काय? हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. त्यांना जाड रबरी हातमोजे द्या, तिन्ही डोस द्या आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. २०१८ च्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे, तेव्हा आधी सिव्हिलमध्ये विचारा. तिथं नाही जमलं तर तुमच्या खिशातून.