सुखाची नोकरी का सोडली

पुण्याची नोकरी सोडून मुंबईची धरल्यापासून घरातल्या प्रत्येक कार्यात एकच प्रश्न येतो, "पगार किती वाढला गं?" पगार वाढला. पण तास त्याहून जास्त वाढले, त्यामुळे तासाचा हिशेब मांडला तर हातात पडतं ते जवळपास तेवढंच. पैशांसाठी गेले, हे उत्तर मी देत नाही कारण ते खरं नाही.

हिंजवडीत एका परदेशी कंपनीच्या फायनान्स विभागात होते. महिनाअखेर सोडली तर संध्याकाळी वेळेवर बस. बजेट आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक काढायचा, तो का पडला ते लिहायचं, शीट वर पाठवायची. पुढे त्या आकड्यांचं काय होतं, कधी कळायचं नाही. माणसं चांगली होती, साहेब चांगले होते. पण सीए व्हायला जी वर्षं घातली, त्यातलं फारसं काही तिथे लागतच नव्हतं.

आता मुंबईत आयपीओचं काम करते, म्हणजे एखादी कंपनी पहिल्यांदाच सर्वसामान्यांना शेअर विकते त्याची तयारी. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे जाणाऱ्या मसुद्यात कंपनी स्वतःबद्दल जे जे लिहिते त्याला पुरावा लागतो. 'आम्ही या क्षेत्रात आघाडीवर आहोत' असं प्रमोटर, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले की आम्ही विचारायचं, कशावरून? करार वाचायचे, कोर्टकज्जे तपासायचे, कारखाना बघून यायचा, वकील आणि ऑडिटरांशी वाद घालायचा. ऑडिट केलेले आकडे सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत. म्हणून मार्चचे आकडे धरले की सप्टेंबर संपायच्या आत मसुदा दाखल व्हायलाच हवा. त्या महिन्यात घरी यायला मध्यरात्र उलटते. उद्या कुणी निवृत्त शिक्षक आपल्या बचतीतून तो शेअर घेणार असेल, तर त्याच्यासाठी केलेलं जागरण मला जड जात नाही.

जड जातं ते दुसरं जागरण. साहेब बसलेत म्हणून बसायचं. रात्री नऊला दुरुस्त्या येतात, टीममधली मुलं पहाटेपर्यंत प्रेझेंटेशन करतात आणि पुढचे दोन दिवस ती फाईल कुणी उघडत नाही. याला मेहनत म्हणायला मी तयार नाही. मोठ्या उद्योगांतली मंडळी आठवड्याला ७० तास, ९० तास कामाचा सल्ला देतात तेव्हा हा फरक कुणीच करत नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए नोकरीला लागून चार महिन्यांत वारली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र मी पूर्ण वाचलं होतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली आहेत, आणि आमच्याकडे कालच लागलेल्या पोराच्या हुद्द्यातही मॅनेजर असतं.

घरी आम्ही बसून ठरवलं. लेकीचा अभ्यास नवऱ्याकडे, संध्याकाळ सासूबाईंकडे. माझ्या या तासांची किंमत सगळ्यात जास्त त्याच मोजतात, म्हणून होकार आधी त्यांचा घेतला. दोन वर्षांनी सगळ्यांनी पुन्हा बसायचं आणि त्यांना झेपत नसेल तर मी हे काम सोडायचं, असं बोलणं झालंय.

टीममधल्या नव्या मुलांना मी सांगून ठेवलंय की मसुदा दाखल करायचा नसेल त्या दिवशी आठला निघायचं. सुरुवातीला कुणीच उठेना. आता आठ वाजले की आधी मी माझा लॅपटॉप बंद करते.