हिटलर नको, गोवा शिकवा म्हणे!

गेला आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर जो गोंधळ चाललाय त्याने डोकं भणभणलंय, आणि तिथे तोंड उघडलं की "तू गप रे, तू जर्मनीत मजा कर" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून इथे लिहितो.

विषय काढला मावसभावाने. दादा गोव्यात साखळीकडे एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं नववीच्या पोरांकडून तो नाझीवादाचा धडा घोकून घेतोय, त्यातून त्यांना मिळालं काय? त्यापेक्षा पोर्तुगीजांविरुद्धचा कुंकळ्ळीचा उठाव शिकवा, राणे घराण्याची बंडं शिकवा, १९४६ ला लोहिया मडगावात कशाला आले ते शिकवा. इथपर्यंत मीही अंगठा दिला असता. पण पुढे लिहितो, दुसरं महायुद्ध म्हणजे गोऱ्यांची भाऊबंदकी, गोव्यात साधा फटाका फुटला नाही, आमकां कितें पडलां? झालं, भराभर अंगठे. मग फोंड्याच्या काकांनी आपली जुनी तबकडी लावली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला कितीही शिव्या द्या पण तटस्थ राहून त्याने गोवा वाचवला, तिकडे बंगालात तीस लाख माणसं भुकेने मेली, इथे कोणी मेलं का? आणि शेवटी कुणाचा तरी कॉलेजातला मुलगा म्हणाला आपल्या देशाला एक हिटलरच पाहिजे, मग बघू रस्त्यावर कचरा कोण टाकतो. त्याला सगळ्यांनी हसऱ्या इमोजी दिल्या, इतिहासाच्या मास्तरने सुद्धा.

तर फटाक्यापासून सुरुवात करू.

माझी आजी दाबोळीची. तिच्या बोलण्यात एक "आगबोटी जळाल्या ती रात" असायची, तिच्या कालगणनेत ती एक खूण होती, अमक्याचं लग्न त्या रातीच्या आधी, तमकीचं बाळंतपण त्यानंतर. ती रात म्हणजे ९ मार्च १९४३ ची पहाट. कार्नावलचा शेवटचा दिवस उजाडायचा होता. मुरगाव बंदरात तीन जर्मन बोटी, एरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि अन्फोरा नावाची एक इटालियन बोट, युद्ध पेटल्यावर आसरा घ्यायला येऊन नांगर टाकून पडलेल्या. एरेनफेल्सवर चोरटा ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून आमच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना जाते असं ब्रिटिशांचं म्हणणं. आता पोर्तुगाल तटस्थ, तेव्हा उघड आरमार पाठवता येईना. मग काय केलं, तर कलकत्त्याच्या लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतले म्हातारे होत आलेले साहेब गोळा केले, कोण कंपनीत, कोण व्यापारात, पोटं सुटलेली, त्यांना फीबी नावाच्या गाळ वाहायच्या बोटीत घालून लंकेला वळसा मारून मुरगावला आणलं. एरेनफेल्सवर चढले, मारामारी झाली, कप्तान आणि काही खलाशी मेले, उरलेल्या खलाशांनी बोट ब्रिटिशांच्या हाती लागू नये म्हणून पाणी आत घेऊन तिला बुडवायला काढली, आग लागली, ते बघून बाकीच्या तिघांनीही आपापल्या बोटी पेटवून बुडवल्या. साहेब लोक फीबीत बसून परत. हे प्रकरण १९७८ पर्यंत गुप्त होतं, नंतर त्यावर इंग्रजी सिनेमा निघाला, त्याचं शूटिंगही गोव्यात झालं, आणि आमच्या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी तो बघितला असणार. तरी फटाका फुटला नाही!

मला हे प्रकरण का लागतं, तर एरेनफेल्स ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची बोट होती आणि मी राहतो ब्रेमेनात. शनिवारी पोराचे कपडे घ्यायला तीन नंबरच्या ट्रामने वॉटरफ्रंटला जातो, प्रायमार्क, मग वेझर नदीच्या काठावर फ्रिटन खाणं, आणि तो मॉल उभा आहे तो आ.गे. वेझरच्या गोदीच्या जागेवर, जिथे युद्धात पाणबुड्या बांधायचे. हिंदी महासागरात लांबवर जाणाऱ्या मोठ्या पाणबुड्या, उ-१७७, उ-१८१ वगैरे, इथेच बांधल्या. मार्च १९४३ मध्ये अटलांटिकमध्ये पाणबुड्यांनी दोस्तांच्या जहाजांचा असा काही खुर्दा उडवला होता की लंडनला घाम फुटलेला, आणि मुरगावातल्या गंजत पडलेल्या एका बोटीसाठी एवढा उपद्व्याप करावासा वाटला तो त्याच महिन्यात. ही तारीख नुसती पाठ करून काही कळत नाही. स्टालिनग्राड फेब्रुवारीत संपलंय, तिकडे जर्मनीची पाठ मोडायला लागलीय पण समुद्रावर अजून नाही, हे शेजारी ठेवलं की मुरगावचा धक्का नकाशावर कुठे बसतो ते दिसतं. माझा दादाला एवढाच मुद्दा आहे की गोव्याचा इतिहास आणि महायुद्ध ह्या दोन वेगळ्या वह्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुरगावलाच अमेरिका-जपानने आपापले अडकलेले नागरिक बदलून घेतले, दोन्हीकडचे दीड-दीड हजार, स्वीडनची ग्रिप्सहोल्म एकीकडे आणि जपानची तेइया मारू दुसरीकडे. गावागावातले तारवटी तेव्हा ब्रिटिश बोटींवर होते. आणि आजी सांगायची रंगूनचा तांदूळ बंद झाला तशी घरात पेज पातळ झाली. रंगून जपान्यांनी मार्च १९४२ ला घेतलं. दादा, तुझ्याच आजीची पेज आहे ती, माझी एकट्याची नाही.

काकांचं काय करायचं? काका, तुम्ही मोठे, पण सालाझारची तटस्थता एवढी पवित्र होती तर तिमोरला काय झालं? ती पण पोर्तुगालचीच वसाहत, तोच सालाझार. डिसेंबर १९४१ ला ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य न विचारता उतरलं, फेब्रुवारी १९४२ ला जपानी उतरले, आणि युद्ध संपेपर्यंत तिथली चाळीस ते सत्तर हजार माणसं गेली असा अंदाज देतात. तटस्थता तीच, माणसं मेली. गोवा वाचला तो तीन बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि जपानी कोहिमा-इंफाळच्या पुढे आले नाहीत म्हणून, लिस्बनच्या कृपेने नव्हे. सालाझारने १९४४ च्या जूनपर्यंत वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचं खनिज, दोन्ही बाजूंना विकलं, रणगाडे भेदणारे तोफगोळे त्याचे होतात, आणि नाझी सोनं घेतलं. त्याचाच फ्रान्समधल्या बोर्दोचा कॉन्सुल सोझा मेंदिश, त्याने १९४० च्या जूनमध्ये हुकूम मोडून पळून आलेल्या ज्यू लोकांना व्हिसे दिले, तर त्याला नोकरीतून उठवलं, बिचारा गरिबीत मेला. आणि ज्या गोव्याला त्याने वाचवलं म्हणता तिथे लग्नपत्रिका सुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची, हे तुमच्याच वडिलांनी मला सांगितलंय, ओसरीवर बसून.

आता हिटलर पाहिजे म्हणणारा मुलगा. त्याचा राग येत नाही मला, कारण त्याला शिकवलंच तसं. कारणे: १) व्हर्सायचा तह २) महामंदी ३) हिटलरचा उदय, प्रत्येकी एक मार्क. माझ्या पोराला गेल्या वर्षी शाळेतून एक कागद मिळाला होता, त्यावर बाकी काही नाही, नाझी पक्षाची टक्केवारी फक्त. मे १९२८ ला २.६, सप्टेंबर १९३० ला १८.३, जुलै १९३२ ला ३७ च्या वर, नोव्हेंबर १९३२ ला ३३.१. आणि खाली प्रश्न, यातली कुठली कारणं १९२८ ला आधीच होती? पोरगं जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसलं. मीही भात गार करून बसलो. कारण व्हर्साय १९१९ चं, १९२३ ला पावाला अब्जावधी मार्क मोजून झालेले, अपमान, नुकसानभरपाई सगळं होतं, आणि तरी अडीच टक्के! मग १९२९ ला अमेरिकेत बाजार कोसळला, अमेरिकेची कर्जं परत गेली, साठ लाख लोक बेकार. बरं, त्यानेही पूर्ण सुटत नाही, कारण शेवटच्या निवडणुकीत त्याची मतं कमी झाली होती, आणि तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ ला, तो चान्सलर. कसा? तर माजी चान्सलर फॉन पापेन आणि त्याच्या जातीच्या शहाण्या लोकांनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला पटवलं की ह्याला आपण खिशात ठेवू, कॅबिनेटमध्ये त्याच्यासकट तीनच नाझी घेऊ, बाकी आपले. ते खिशात ठेवणं पुढे मार्चअखेरपर्यंत सुद्धा टिकलं नाही. हे त्या कॉलेजकुमाराला कोणी सांगितलंय का? त्याला वाटतं हिटलर म्हणजे झाडू घेतलेला कडक हेडमास्तर. इथे अजून बॉम्ब निघतात जमिनीतून, परवाही निना ह्या सरकारी इशाऱ्यांच्या ॲपवर मेसेज, ट्राम बंद, वस्ती रिकामी करा, पोरांना शाळेला सुट्टी मिळाली म्हणून आनंद आणि मला ऑफिसला उशीर. ऐंशी वर्षांनी सुद्धा तो कचरा काढायचं काम चालू आहे बाबा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, थोडं कमी. दादा गप्प बसणारा नाही. म्हणाला, एवढं शिकवतात तुमचे जर्मन, तर २०२५ च्या फेब्रुवारीत त्या कडव्या उजव्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं कशी पडली? मी ताबडतोब टाइप केलं की ब्रेमेनात तेवढी नाही पडली, आणि पाठवल्यावर वाटलं हे काय, मी ब्रेमेनचा वकील कधीपासून झालो? त्याचा टोला बसला हे खरं. धडा शिकवला की माणूस शहाणा होतो असं मी म्हणतच नाही, माझं म्हणणं फक्त एवढं की धडा काढून टाकला तर त्या मुलाने तो विनोद कुठल्या वर्गात दुरुस्त करायचा.

मग दादाने शेवटचं टाकलं. "पोर्तुगीज पासपोर्टवर बसून सालाझारला शिव्या देतोस."

आता यावर काय बोलणार. वडिलांचा जन्म पन्नासच्या दशकातला, म्हणजे पोर्तुगालच्या राज्यातला, लिस्बनला जन्म नोंदवला, त्यांच्या मागून माझा, आणि भारताचा पासपोर्ट जमा करून मी इथे कामाला लागलो. गोव्यातल्या हजारोंनी केलं तेच. ज्या सत्तेविरुद्ध आजोबांनी घरात चोरून पत्रकं ठेवली होती तिच्याच रजिस्टरच्या जोरावर माझं पोट चालतं, हे मला कोणी ग्रुपवर सांगायची गरज नाही, मला ते विमानतळावर रांग निवडताना रोज नाही पण दरवेळी आठवतं. दाबोळीला फॉरेनर्सच्या रांगेत उभं राहायचं, समोरचा ऑफिसर कोकणीत विचारतो "खंयचो रे तूं?"

आणि खरं सांगू का, ह्या युद्धाच्या मागे मी एवढा लागलोय त्याचं कारण इतिहासाचं प्रेम नाही. इथे एल्टर्नआबेंडला, म्हणजे शाळेतल्या पालकसभेला, बाईंनी सांगितलं की पुढच्या महिन्यात पोरांनी घरातल्या आठवणी आणायच्या आहेत, पणजोबा कुठे होते वगैरे. बाकीचे आईबाप खाली बघायला लागले. कोणाचा पणजोबा पूर्व आघाडीवर, कोणाचा इथल्या फार्गेच्या, पाणबुड्यांसाठी बांधत असलेल्या बुंकरवर पहारेकरी, शेजारच्या बाईचा तर त्या बुंकरवर वेठबिगार म्हणून पोलंडहून आणलेला. माझ्याकडे बघून बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, तुमच्यासाठी हे ऐच्छिक आहे. म्हणजे त्यांनी मोकळं केलं मला. ना गुन्हेगार ना बळी, बसा आपले बाजूला. किती हलकं वाटायला हवं होतं, पण मला ते अजिबात आवडलं नाही. त्यांचं ते जुनं ओझं वाहायचं नाही म्हणजे त्यांच्यातलं व्हायचंही नाही, आणि गावाकडे दादा म्हणतो तुझा काय संबंध. दोन्हीकडे ऐच्छिक!

पोराने शेवटी आजीची आगबोटींची रात नेली वर्गात. बोट ब्रेमेनची आहे म्हटल्यावर पोरं उठून नकाशापाशी गेली म्हणे, बाईंना सुद्धा माहीत नव्हतं. एका मुलाने विचारलं तुझ्या पणजीला राग आला होता का. पोराने मला विचारलं, मी म्हणालो तिला तांदळाचा राग होता, बोटींचं तिला काही नव्हतं.

दादाला मी लिहिलंय की डिसेंबरात येतोय, नववीच्या वर्गाला मुरगावला घेऊन जाऊ, बसचे पैसे मी देतो, कुंकळ्ळी आणि राणेही शिकव, मी कुठे नको म्हणतोय. त्याचं उत्तर आलं की बाहेरच्या माणसाला वर्गावर आणायचं तर हेडमास्तरांची लेखी परवानगी लागते, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाला मिळतं त्याची, चालेल का ते विचार म्हटलंय.