घड्याळ की जाहिरात? तुमच्या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार,

ओमेगा या स्विस कंपनीचं घड्याळ अंतराळात कसं गेलं यावरच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण डोकं गरम असताना लिहू नये म्हणून झोपलो, आणि सकाळी परत वाचली तर लक्षात आलं की चारपैकी दोन मुद्दे तुमचे बरोबर आहेत. (एवढं कबूल करायलाही मला दोन कप चहा लागला.) बाकीच्यांना खाली शोधत बसायला नको म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: ओमेगा हे अंतराळात गेलेलं पहिलं घड्याळ असं मी लिहिलं ते साफ चूक, पहिलं गागारिनचं. नासाची माणसं ह्यूस्टनच्या दुकानातून गुपचूप घड्याळं विकत घेऊन आली ही निव्वळ दंतकथा. यानात एवढी यंत्रं असताना मनगटावरचं घड्याळ म्हणजे दागिना, आणि अपोलो १३ मध्ये घड्याळाने तिघांचे प्राण वाचवले ही मी लिहिलेली गोष्टसुद्धा जाहिरातच. आणि ऑटोमॅटिक घड्याळ (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) अंतराळात चालतच नाही कारण त्याला गुरुत्वाकर्षण लागतं, "एवढं साधं विज्ञान माहीत नसेल तर लिहू नये". शेवटी कंपनीने घड्याळ फुकट दिलं का हा टोमणा वेगळाच.

पहिल्याबद्दल हात जोडून माफी, ते वाक्य मी पोस्टमधून काढलंय. अंतराळात गेलेला पहिला माणूस, रशियाचा गागारिन, १२ एप्रिल १९६१ ला वर गेला तेव्हा त्याच्या हातात श्तुर्मान्स्की होतं, मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात बनलेलं, चावीचं, हवाई दलाच्या वैमानिकांना मिळायचं, दुकानात नाही. ओमेगा गेलं ते थेट ३ ऑक्टोबर १९६२ ला, नासाचा अंतराळवीर वॉली शिरा याच्या हातावर, तेही त्याचं स्वतःचं, नासाने दिलेलं नव्हे. त्याच्या आधी मे महिन्यात नासाचाच स्कॉट कार्पेंटर ब्राइटलिंग कंपनीचं घड्याळ घालून जाऊन आला होता, आणि फेब्रुवारीत जॉन ग्लेनने हॉयर कंपनीचं स्टॉपवॉच नेलं होतं. म्हणजे मी एका वाक्यात किती जणांना खाली बसवलं बघा. पण आता तुमचीही थोडी गंमत करतो, पहिलं गागारिनचं हेही खरं नाही! त्याच्या महिनाभर आधी, ९ मार्च १९६१ ला रशियनांनी चेर्नुश्का नावाची कुत्री वर पाठवली होती आणि अब्राम गेनिन नावाच्या डॉक्टरांनी तिच्या पायाला पोबेदा घड्याळ बांधून दिलं होतं. कुत्री सुखरूप परत आली. म्हणजे मान तिचा, तुमचाही नाही आणि माझाही नाही.

दुकानाची गोष्ट मी ऐकीव लिहिली, ती चूक मान्य. शिरासारख्यांनी स्वतःच्या हौसेने घड्याळं घेतली होती, त्याची आणि नासाच्या खरेदीची लोकांनी खिचडी केली आणि मी ती गरम करून वाढली. खरं जे झालं ते सरकारी खात्यात होतं तसंच रटाळ होतं: सप्टेंबर १९६४ मध्ये अंतराळवीरांचा प्रमुख डीक स्लेटन याने लेखी मागणी केली की जेमिनी आणि अपोलो या नासाच्या मोहिमांसाठी भक्कम क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली मनगटी घड्याळं) पाहिजेत, मग जेम्स रेगन नावाच्या इंजिनिअरकडे काम गेलं, कंपन्यांना रीतसर कागद गेले, आणि उत्तर आलं फक्त चौघांचं. त्यातल्या हॅमिल्टनने चक्क खिशातलं घड्याळ पाठवलं. मनगटावरचं मागितलं होतं हो. ते बाहेर, उरले ओमेगा, रोलेक्स आणि लाँजिन-विटनॉर.

पण या घड्याळांच्या टेस्ट झाल्याच नाहीत, तीही स्टोरीच, असं जे तुम्ही जाता जाता म्हणालात ते मात्र मी मान्य करणार नाही. एकूण ११ चाचण्या होत्या. ७१ अंश सेल्सिअसमध्ये ४८ तास, लगेच ९३ अंशांत अर्धा तास. मग उणे १८ मध्ये चार तास. ९५ टक्क्यांच्या वर दमट हवेत २४० तास म्हणजे दहा दिवस, निव्वळ ऑक्सिजनमध्ये ४८ तास, सहा दिशांनी ४० जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट) धक्के, शिवाय निर्वात पोकळी, कंपनं, १३० डेसिबलचा आवाज. रोलेक्स दमट हवेत दोनदा बंद पडलं आणि उष्णतेत त्याचा सेकंद काटा वाकून दुसऱ्या काट्यांना घासायला लागला, लाँजिनची काच वाकून निघाली. ओमेगाचं स्पीडमास्टर नावाचं मॉडेल धक्के खाऊन थोडं मागेपुढे झालं पण चालत राहिलं, आणि १ मार्च १९६५ ला पास झालं. तीन आठवड्यांत जेमिनी ३ मध्ये ग्रिसम आणि यंग या अंतराळवीरांच्या हातावर होतं. आता यावरून रोलेक्स भंगार असं कोणी काढू नका, ती घड्याळं या कामासाठी कोणी बनवलीच नव्हती, ओमेगाचंही मुळात मोटार रेससाठीच होतं. ज्याने परीक्षा दिली तो पास झाला, एवढाच त्याचा अर्थ.

आता दागिन्याचा मुद्दा, इथे जरा थांबतो कारण खरी मजा इथेच आहे. पृथ्वीभोवती फिरणारं यान सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर जातं. खाली यायचं तर उलट्या दिशेने रॉकेट पेटवून वेग कमी करायचा, आणि तो क्षण एक सेकंद चुकला तर उतरायची जागा आठेक किलोमीटरने सरकते. कार्पेंटरचं काय झालं बघा, २४ मे १९६२, रॉकेटं तीन सेकंद उशिरा पेटली, त्याने साधारण २४ किलोमीटरचा फरक पडला. यानाचं तोंड वाकडं होतं, जोरही कमी पडला, ते सगळं मिळून गडी ठरल्या जागेपासून चारशे किलोमीटर पुढे जाऊन समुद्रात पडला आणि रबरी तराफ्यावर तासन् तास वाट बघत बसला. त्यात त्याच्या ब्राइटलिंगमध्ये खारं पाणी शिरून ते कायमचं बंद पडलं. त्या घड्याळाची डायल २४ तासांची होती, त्यानेच तशी मागून घेतली होती, कारण दीड तासात एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसात पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवणार, तिथे नुसतं 'सहा वाजले' म्हणून काय कळणार, सकाळचे की संध्याकाळचे?

आणि मग नासाचाच गॉर्डन कूपर, मे १९६३, बावीस प्रदक्षिणा, ३४ तास. शेवटी शेवटी विजेत बिघाड झाला, आपोआप चालणारं नियंत्रण गेलं, यानातलं घड्याळही गेलं. त्याने खिडकीवरच्या रेषांनी आणि ताऱ्यांनी यानाचं तोंड धरलं, वेळ मनगटावर बघितली, जहाजावरून जॉन ग्लेन रेडिओवर आकडे मोजत होता, आणि हाताने यान चालवत तो विमानवाहू जहाजापासून सहा-सात किलोमीटरवर उतरला. त्याच्या हातांवर दोन घड्याळं होती, स्पीडमास्टर आणि बुलोवा कंपनीचं अ‍ॅक्युट्रॉन, त्यामुळे श्रेय कोणत्या कंपनीला हे भांडण त्यांनी आपसात सोडवावं. पण यानातलं घड्याळ बंद पडल्यावर हातावरचं चालू होतं, याला दागिना म्हणायचं का?

अपोलो १३ बद्दल तुम्ही अर्धे बरोबर. घड्याळाने तिघांचे प्राण वाचवले असं मी लिहिलं ते फारच फिल्मी झालं, प्राण वाचवले ते खाली ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात बसलेल्या शेकडो माणसांनी, चांद्रयानाच्या (म्हणजे चंद्रावर उतरायला सोबत नेलेल्या छोट्या यानाच्या) इंजिनाने आणि त्या तिघांच्या डोक्याने. पण घडलं ते असं: चंद्राकडे जाताना ऑक्सिजनची टाकी फुटली, मुख्य यान बंद करून तिघे चांद्रयानात आले, वीज आणि पाणी वाचवायला मार्गदर्शन करणारा कॉम्प्युटर बंद केला, मग मार्ग थोडा भरकटला तो सरळ करायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. कॉम्प्युटर नाही. खिडकीतून दिसणारी पृथ्वी हीच खूण, तिघांपैकी लव्हेल आणि हेज यानाचं तोंड सांभाळतायत, आणि तिसरा स्विगर्ट स्पीडमास्टरवर सेकंद मोजतोय. तुमचं म्हणणं, सेकंद काय, मनातही मोजता आले असते. हो, आले असते. पण तुम्ही कधी थंडीने कुडकुडत, झोप नसताना १४ मोजून बघा.

उलट तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. चंद्रावर उतरलेल्या पहिल्या जोडीतल्या ऑल्ड्रिनने स्वतः लिहून ठेवलंय की चंद्रावर चालताना ह्यूस्टनमध्ये किती वाजले हे कळण्याइतकी बिनगरजेची गोष्ट दुसरी नव्हती, तरी त्याने ते घातलं. आणि त्याचा साथीदार आर्मस्ट्राँग याचं घड्याळ यानातच राहिलं, कारण चांद्रयानातलं इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडलं होतं, त्याच्या जागी बदली म्हणून. मला हा प्रकार जाम आवडतो, बाहेर त्याचा फोटोसाठी उपयोग आणि आत खरी नोकरी. ऑल्ड्रिनचं ते घड्याळ पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना हरवलं आणि आजवर सापडलेलं नाही.

आणि ही घड्याळं काही देवाची नव्हती. त्यांची काच खरं तर प्लास्टिकची, मुद्दामच, कारण खरी काच फुटली तर तुकडे यानात तरंगत फिरणार, डोळ्यात नाकात जाणार. पण अपोलो १५ मध्ये डेव्ह स्कॉटच्या ओमेगाची हीच काच चंद्रावर निखळून पडली, तिसऱ्या फेरीत त्याने सोबत नेलेलं बुलोवा घातलं. ते २०१५ मध्ये लिलावात १६ लाख २५ हजार डॉलरला गेलं. हे मूळ पोस्टमध्ये नव्हतं, तुमच्या 'जाहिरात' या शब्दामुळे घालावंसं वाटलं.

राहिलं ऑटोमॅटिक. इथे मात्र विज्ञान तुमचंच चुकलं. आत एका बाजूला जड असलेला अर्धगोल रोटर असतो. जमिनीवर त्याला वजनाचा फायदा मिळतो हे खरं, पण हात झटकला की घड्याळाची डबी हलते आणि रोटर जडत्वाने मागे राहतो, एसटीने ब्रेक मारल्यावर उभा माणूस पुढे जातो तसंच, वजन असो नसो. स्कायलॅब या नासाच्या अंतराळ स्थानकावर बिल पोग या अंतराळवीराने हे दाखवलं: त्याचं सेइको ऑटोमॅटिक होतं, त्याने स्वतः घेतलेलं, प्रशिक्षणात वापरून सवय झालेलं, नासाच्या यादीत नसलेलं, ते त्याने पायाच्या खिशात घालून नेलं आणि १९७३-७४ मध्ये ८४ दिवस वापरलं. छान चाललं. आणि १९६४ मध्ये ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ का निवडलं नाही म्हणाल तर ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, बाजारात आलं १९६९ मध्ये.

टोमण्याचं उत्तर: नाही, फुकट काही मिळालं नाही, माझ्या हातावर वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, रोज सकाळी चावी देतो, तरी दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं, म्हणजे कूपरच्या हातावर असतं तर बिचारा चौदाशे किलोमीटर चुकला असता.