‘८१६ दिवस कुठे होता?’ – मुलुंडच्या ग्राहक भगिनींच्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

आमच्या वजन घटवण्याच्या ॲपला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. एकदा शनिवारी सकाळी घरी, आणि दुसऱ्यांदा सोमवारी दादरच्या कार्यालयात सगळ्यांना बसवून, मोठ्याने. तुमच्या खात्यातल्या नोंदी मला दिसू शकतात, परंतु त्यांतले काहीही या जाहीर उत्तरात येणार नाही. तुम्ही स्वतः लिहिले आहे तेवढ्यापुरतेच मी बोलेन.

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमची हकिकत थोडक्यात सांगते. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या काळात आमच्या आहारयोजनेवर तुमचे वजन ८१ वरून ६९ किलोवर आले. पुढे सासूबाईंचे आजारपण, मुलुंड ते फोर्ट असा रोजचा प्रवास आणि घरातल्या सगळ्यांचे डबे यांत मार्च २०२३ पासून ॲप उघडणे बंद झाले. वजन पुन्हा ७९ वर गेले. जून २०२५ मध्ये बँकेच्या विवरणात आमचे नाव दिसले, तेव्हा ‘पैसे जातच आहेत तर वापरू तरी’ असे म्हणून तुम्ही परत आलात, आणि पहिल्याच पडद्यावर ॲपने तुम्हाला विचारले, ‘८१६ दिवस कुठे होता?’ त्याखाली ६९ पासून ७९ पर्यंत चढत गेलेला लाल आलेख होता.

तुम्ही लिहिले आहे की हे ॲप सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, परत येणाऱ्यांसाठी नाही. हे वाक्य मला पूर्णपणे मान्य आहे. ते मान्य करताना एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. आमच्या धंद्यात परत येणारा ग्राहक नेहमी जमेच्या बाजूला मांडला जातो. त्याला आणण्यासाठी जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही, म्हणून महिन्याच्या बैठकीत त्याच्या आकड्याकडे आम्ही समाधानाने पाहतो. पण तो परत का आला आणि मधल्या काळात त्याच्यावर काय गुदरले, हे विचारणारा एकही प्रश्न आम्ही ॲपमध्ये ठेवलेला नव्हता.

तुमचा मुख्य प्रश्न असा आहे, की दिवसाला त्याच १२०० कॅलरींवर २०२२ मध्ये वजन उतरले आणि आता उतरत नाही, तर चूक तुमची की आमच्या आकड्याची? चूक आकड्याची आहे, आणि ती कशी झाली ते सविस्तर सांगितले पाहिजे. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती कॅलरी खर्च करते याचा अंदाज बांधण्यासाठी आमचे ॲप १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन यांचे सूत्र वापरते. त्या सूत्राला चारच गोष्टी ठाऊक असतात: वजन, उंची, वय आणि व्यक्ती स्त्री आहे की पुरुष. त्यामुळे २०२२ मध्ये ८१ वरून उतरताना लागलेले ७९ किलो आणि आता ६९ वरून चढून आलेले ७९ किलो यांत सूत्राला वयाखेरीज काही फरक दिसत नाही, आणि वयापोटी ते वर्षाला अवघ्या ५ कॅलरी वजा करते. त्यावर आमच्या ॲपने १ किलो म्हणजे ७७०० कॅलरी असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब मांडून ‘२० आठवड्यांत पुन्हा ६९’ असे लक्ष्य दिले, आणि १२०० च्या खाली जायचे नाही असा आमचा नियम असल्याने आकडा तिथे येऊन थांबला. म्हणजे १२०० हा आकडा तुमच्याकडे पाहून काढलेला नव्हताच; तो फक्त आमचा तळ होता.

शरीर मात्र मधली वर्षे विसरत नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले, की त्यांतल्या बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, तरीही त्यांचा विश्रांतीतला कॅलरीखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. ती माणसे फार थोड्या काळात फार वजन घटवणारी होती, तेव्हा तो ५०० चा आकडा कोणी स्वतःला लावून घेऊ नये. भुकेच्या बाबतीत मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक जवळचा वाटतो. १० आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके (हार्मोन्स) पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती, आणि लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. तुम्ही लिहिले आहे, ‘संध्याकाळी घाटकोपरच्या पुढे गाडी गेली की डोळ्यांसमोर फक्त जेवण दिसते, असे २०२२ मध्ये होत नव्हते.’ मला ही तक्रार अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

आता त्या पिवळ्या पट्टीविषयी. पहिल्या १० दिवसांत अडीच किलो उतरले आणि पुढचे तीन आठवडे काटा हलला नाही, तेव्हा ॲपने पिवळ्या पट्टीत ‘तुमची प्रगती थांबली आहे’ असे कळवले. खाणे एकदम कमी केले की यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, आधी वापरले जाते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे पहिल्या दिवसांतली बरीचशी घट पाण्याची होती. तेव्हा आम्ही फुगे उडवून अभिनंदन करायला नको होते, आणि नंतर पिवळी पट्टीही दाखवायला नको होती.

आमच्या सल्लागाराने गप्पांच्या खिडकीत ‘या वेळी इच्छाशक्ती कमी पडू देऊ नका’ असे तुम्हाला लिहिले, आणि तिला कामावरून काढावे अशी मागणी तुम्ही केली आहे. ही मागणी मी मान्य करणार नाही. ते वाक्य तिचे नाही. परत आलेल्या ग्राहकांना पाठवायच्या तयार मजकुरात ते पाच वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिले होते, आणि त्या वेळी ते मला फार उत्साह देणारे वाटले होते. सासूबाईंचे आजारपण आणि नोकरी एका हाताने सांभाळणाऱ्या बाईला इच्छाशक्तीविषयी सांगणे किती उद्धट आहे, हे मला तुमच्या अभिप्रायातून कळले. त्या वाक्याबद्दल मी तुमची क्षमा मागते, आणि सल्लागार मुलीचीही मागितली आहे.

पैशांविषयी तुमचे म्हणणे अर्धे मान्य आणि अर्धे अमान्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा स्वयंचलित वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना जावी लागते, आणि ती तुम्हाला गेली होती. आमच्या माणसांनी हेच उत्तर देऊन तुमची तक्रार बंद केली. नियमाच्या भाषेत ते उत्तर बरोबर होते. परंतु सूचना वाचून कोणी सबस्क्रिप्शन बंद करायला आलेच, तर त्याला चार पडदे ओलांडावे लागत आणि शेवटी ‘नको, मला आहे तसेच राहायचे आहे’, म्हणजे वजन घटवायचे नाही, असे लिहिलेले बटण दाबावे लागे. ग्राहकाला फसव्या मांडणीपासून वाचवण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत असे १३ प्रकार दिले आहेत, आणि नकार देणाऱ्याला लाजवणे व वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हे त्यांतलेच दोन आहेत. आम्ही ती तत्त्वे वाचली होती आणि तरीही ते बटण तसेच ठेवले होते. म्हणून जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन वसुलींचे प्रत्येकी २,४९९ असे एकूण ४,९९८ रुपये तुमच्या खात्यात सोमवारी परत पाठवले आहेत. चालू वर्षाची सेवा तरीही सुरू राहील.

वजन परत आले म्हणजे मुळातली योजनाच खोटी होती, म्हणून २०२२ आणि २०२३ चेही शुल्क परत करावे, हे मात्र मला पटत नाही. त्या नऊ महिन्यांत आमच्या आहारतज्ज्ञ दर आठवड्याला तुमच्याशी बोलल्या, आणि ते १२ किलो खरोखरच उतरले होते. तुमच्या बाजूने एक मुद्दा उभा राहतो, तोही मीच सांगते: त्या वर्षीच्या आमच्या जाहिरातीत ‘वजन कायमचे कमी करा’ असे शब्द होते, आणि ‘कायमचे’ म्हणण्याचा आम्हाला काहीही अधिकार नव्हता. तो शब्द आता काढला आहे. तेवढ्यावर तुमचे समाधान होत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचा तुमचा हक्क आहे, आणि तिथे हे उत्तर पुरावा म्हणून दाखवायलाही माझी हरकत नाही.

या आठवड्यापासून परत येणाऱ्या व्यक्तीला दिवसांची मोजणी आणि जुना आलेख आपण होऊन दाखवला जाणार नाही. पहिले चार आठवडे वजन घटवण्याचे लक्ष्यही दिले जाणार नाही. आहे ते वजन स्थिर ठेवून भूक, झोप आणि जेवणाच्या वेळा नोंदवायच्या, आणि त्या नोंदींवरून आहारतज्ज्ञ कॅलरींचा आकडा ठरवतील, सूत्र नाही. त्यानंतरचे लक्ष्यही एकदम ६९ नसेल. वजनाच्या ५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे ४ किलो, एवढी घट झाली तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू शकतो. तुम्ही थकव्याचा उल्लेख केला आहे, म्हणून आमच्या कोणत्याही योजनेआधी तुमच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे. ती ॲपने करायची गोष्ट नाही.

शेवटची तक्रार वरवर लहान आहे, पण मला तीच सर्वांत जास्त लागली. तुमच्या घरच्या वाटीप्रमाणे मोजून तुम्ही जमवलेली पदार्थांची यादी, म्हणजे तुमची आमटी, तांदळाची भाकरी, उपासाची साबुदाणा खिचडी, परत आल्यावर गायब होती. ती यादी ग्राहकाच्या फोनवर साठवली जात असे आणि वजनाच्या नोंदी आमच्याकडे. तुम्ही फोन बदललात आणि यादी गेली. थोडक्यात, तुमची मेहनत आम्ही हरवली आणि लाल आलेख तेवढा जपून ठेवला. यादी परत मिळवण्याचा प्रयत्न केला, ती मिळाली नाही. तुमची हरकत नसेल तर आमच्या आहारतज्ज्ञ एखाद्या रविवारी दुपारी, तुमचे जेवण आणि आवराआवर झाल्यावर फोन करतील आणि तुम्ही सांगाल तसे एकेक पदार्थ वाटीच्या मापासह लिहून घेतील. कोणता रविवार चालेल तेवढे कळवावे.

आपली नम्र,
संस्थापक-संचालक, दादर, मुंबई