फोटोतल्या रेघेत रिसेप्टर दिसतच नाही

सांगलीत सध्या हा मेसेज फिरतोय: 'सायटोकाइन म्हणजे शरीरातलं विष. हळदीतलं कर्क्युमिन त्याचा रिसेप्टरच बंद करतं. महागडं मॅब इंजेक्शनही तेच करतं. आमवात जातो, कॅन्सर थांबतो. पुरावा फोटोत.' परवा आत्याने तो मला पाठवला आणि विचारलं, "टोसिलिझुमॅब बंद करू का गं?" टोसिलिझुमॅब हे तिचं आमवाताचं मॅब इंजेक्शन, म्हणजे नेमक्या एका प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते प्रथिन, आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन. फोटोतल्या असल्या रेघा मी रोज बघते, म्हणून आधी फोटोच घेते.

फोटो वेस्टर्न ब्लॉटचा आहे, म्हणजे पेशींतलं एखादं प्रथिन अँटीबॉडीने रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा. डावीकडे काळी रेघ, उजवीकडे कर्क्युमिन दिलेल्या पेशी आणि रेघ गायब. बाजूला लिहिलंय फॉस्फो-स्टॅट३. आयएल-६ हे सायटोकाइन पेशीबाहेर आपल्या रिसेप्टरला चिकटतं, जीपी१३० हा जोडीदार सोबत येतो, आतली जॅक एन्झाइम कामाला लागतात आणि स्टॅट३ प्रथिनाच्या ७०५व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं. फोटोतली अँटीबॉडी ओळखते ती फक्त हे फॉस्फेट बसलेलं स्टॅट३. रिसेप्टरशी तिचा काही संबंध नाही. मग रिसेप्टर बंद झाला हे कळलं कुठून? जॅक अडली तरी ही रेघ जाते, पेशी मरायला लागल्या तरी जाते. आणि एकूण स्टॅट३ची रेघ खाली दाखवावीच लागते, ती इथे नाही. उजवीकडे प्रथिनच कमी भरलं असलं तरी चित्र असंच दिसेल. टोसिलिझुमॅब मात्र खरोखर रिसेप्टरवरच बसतं. आयएल-६चा जीन जपानमधल्या ओसाकात किशिमोतो या संशोधकांच्या गटाने १९८६मध्ये हाती आणला आणि अमेरिकेत हे औषध आमवातासाठी २०१०मध्ये मान्य झालं. इतकी वर्षं त्यात गेली.

मात्रेचं तर विचारूच नका. माझ्या वडिलांनी मार्केट यार्डात हळद विकून मला शिकवलं, २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले. म्हणूनच सांगते, वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के. प्रयोगात माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास पूड, तरी रक्तात ते जेमतेम २ मायक्रोमोलरपर्यंत (हे द्रवातल्या प्रमाणाचं एकक) पोचलं. बशीतल्या पेशींवर सर्रास १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त ओततात.

सायटोकाइन विष नाही. आयएल-६मुळेच ताप येतो, यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन बनवतं, जंतूंशी लढा सुरू होतो. ते अडवलं की हा लढा कमजोर पडतो, म्हणून तर इंजेक्शनाआधी टीबी तपासतात.

कॅन्सरचं म्हणाल तर अनेक गाठींत स्टॅट३ जागं असतं, हे खरं. पण आयएल-६ पकडणारी सिल्टुक्सिमॅब ही अँटीबॉडी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये वापरून पाहिली, फायदा दिसला नाही. नेमक्या अँटीबॉडीने जे झालं नाही, ते चमचाभर हळदीने होईल असं मी कुणाच्याही आजारी माणसाला सांगणार नाही.

आत्या, आमटीत, दुधात हळद घाल. इंजेक्शन मात्र ठरल्या तारखेलाच घे. आणि त्या मिरीवाल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणल्या असशील तर डॉक्टरांना दाखव. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तुझ्या औषधावर यकृताची तपासणी तशीही ठरावीक दिवसांनी करावी लागते.